मुठेलाचे शॉकअप

धाकूकाका गेला त्या दिवशी पडवीत तीन सायकली वाशाला उलट्या टांगलेल्या होत्या. तिघींचे पुढचे शॉकअप सुटे केलेले, नळ्या एकीकडं, स्प्रिंगा एकीकडं, आणि पाटावर वाटीत चामड्याचे वायसर तेलात भिजत घातलेले. काकानं सकाळचा चहा घेतलान, बशी पालथी ठेवलीन, भिंतीला पाठ लावलीन आणि संपला. सगुणाकाकी आतनं ओरडली, अवो, आणखी हवा काय चहा? उत्तर नाही. आता उत्तर न देणं ही काकाची जुनी खोड, सव्वीस वर्षं स्टोचा फरफराट ऐकून कान गेलेले. म्हणून काकी आणखी दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा शिवी घातलीन आणि मग उठून बाहेर आली.

तासाभरात धोंडू आला. नाचणे गावाच्या नाक्यावर पिंपळाखाली एक काळा फळा आहे. कोण गेलं की धोंडू त्याच्यावर खडूनं लिहितो, नाव, वाडी, किती वाजता नेणार. लोक बाजारात जाताना फळा वाचतात आणि ठरवतात, पुढं मासळीला जायचं का परत फिरायचं. धोंडूनं खडू कानावर ठेवलान आणि हळूच विचारलंन, "वैनी, काय लिहू? नुसतं धाकू पाष्टे लिहिलं तर कोणाला कळायचं नाय. स्टोवाले लिहू?"

काकी पाटावरच्या वायसरांकडं बघत बसली. धोंडूला वाटलं दुःखानं बसली. दुःख होतंच, पण ती विचार करत होती. कारण काकाची सगळी हयात त्या एका शब्दाशी भांडण्यात गेलेली.

काका बाजारात एका कापडवाल्याच्या वळचणीला गोणपाट टाकून बसायचा. पुढ्यात पिना, बर्नर, पंपाच्या दांड्या, वायसरांचा डबा. रत्नागिरीतल्या निम्म्या घरांची काजळी त्याच्या नखात होती. पण हात असा, की स्टोचा पंप एकदा दाबलान की सांगायचा, वायसर सुकलाय, का टाकीला भोक आहे, का सुनेनं रागानं पंप मारलाय. तिसरं बहुतेक खरं निघायचं. लोकांचं त्याच्यावाचून अडायचं, पण नाव घ्यायचे ते स्टोवाला म्हणून. तेच काकाला सोसायचं नाही. म्हणायचा, सुतार तो मिस्त्री, गवंडी तो मिस्त्री, मोटारीखाली झोपतो तोसुद्धा मिस्त्री, आणि मी रोज आगीशी खेळतो तो नुसता वाला. केळीवाला, फुगेवाला, स्टोवाला. एकदा तरी कोणीतरी मिस्त्री म्हणावं, एवढीच त्याची हाव. देवळात गेला तरी हेच मागत असेल, काकीला खात्री होती. घरात त्याला मिस्त्री म्हणायची ती फक्त काकी, आणि ती कधी, तर भाकरी करपली नि काका बोलला की. "मिस्त्रींनी गिळा आता," म्हणायची.

मग अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला घरोघर गॅस आला. आधी डॉक्टर-वकिलांकडं होताच, आता मास्तरांकडं आला, कारकुनांकडं आला, मग खालच्या वाडीत आला. लोकांनी स्टो माळ्यावर टाकले. काका दिवसभर बसून एखादी पिन विकून घरी यायचा. नाचण्यात सगळ्यात शेवटी गॅस आला तो काकाच्या घरात, पण आला. काकीनं कोणाला न विचारता नंबर लावलेला. सिलिंडर दारात उतरला त्या दिवशी काका बाजारात गेलाच नाही. गोणपाट गुंडाळून माळ्यावर टाकलंन, आपल्याच स्टोच्या शेजारी.

घरात पुरुष दिवसभर बसला की बाईच्या पायात येतो. काकीचा कोकमाचा धंदा. आमसुलं, आगळ आणि मुठेल. मुठेल म्हणजे कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर तरंगतं ते तेल. ते निवलं की घट्ट होतं, मग मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. थंडीत टाचा फुटल्या, ओठ फुटले, की अख्खं नाचणं काकीकडं गोळा मागायला यायचं. काका त्या सुपांच्या मधे बसून वाट बघायचा. कसली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

ज्याची वाट बघत होता ते आलं राजाभाऊंच्या रूपानं. राजाभाऊ म्हणजे वरच्या आळीतले बागायतदार. त्यांची कलमांची बाग सड्यावर, तीन किलोमीटर नुसता कातळ. मुलगा गंधार अमेरिकेत. दोन हजार साली आला तेव्हा तिकडची एक डोंगरावर चालवायची सायकल घेऊन आला आणि जाताना बापाला ठेवून गेला. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी शॉकअप, खड्डा आला की आपली आपण दबते, आपली आपण उठते. डॉक्टरांनी राजाभाऊंना व्यायाम सांगितलेला, त्यामुळं राजाभाऊ पायजम्याला कपड्याचा चिमटा लावून रोज बागेत जायला लागले. दोन पावसाळे गेले, खारी हवा लागली, आणि शॉकअप बसला. बाजारातला दुकानदार म्हणाला, हे टाका, साधा चिमटा बसवून देतो. राजाभाऊंना ते जमणारं नव्हतं. गंधार दर रविवारी फोनवर विचारायचा, सायकल कशी आहे? आणि राजाभाऊ सांगायचे, फर्स्टक्लास.

एका सकाळी ते सायकल हातात धरून काकाच्या खळ्यावरनं, पुढच्या अंगणातनं, चालले होते. काकानं विचारलंन, बसत का नाही.

"ही खाली जाते ती उठतच नाही रे," राजाभाऊ म्हणाले. "माझ्यासारखंच झालंय तिचं."

काकानं उठून हँडलची मूठ दाबलीन. पुढचं अंग खाली गेलं ते गेलंच. कान लावलान, ऐकायला येत नव्हतं तरी लावलान. मग वळून म्हणाला, "राजाभाऊ, हा स्टोच हाय. दोन पंप शेजारी शेजारी उभे केलेत एवढंच. वायसर गेलाय."

राजाभाऊ म्हणाले, अरे ते अमेरिकेचं आहे. काका म्हणाला, असूंदे की, हवा तिकडं वेगळी असते काय?

दुसऱ्या दिवशी खळ्यात घोंगडी पसरलीन. पुढ्यात नारळ ठेवलान आणि ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलंन, की बाई, हे आत काय आहे ते मला ठाऊक नाही, पण तुला असेल. मग चाक काढलंन. दोन्ही नळ्यांच्या बुडाला एकेक बोल्ट होता, तो जरा सैल करून वर लाकूड ठेवून ठोकलंन, आणि दोन्ही नळ्या एकदम खाली ओढल्या, शेवग्याची शेंग सोलावी तशा निघाल्या. काळं तेल खळ्यात सांडलं. त्यात लाल माती, बारीक वाळू. काकी सकाळी सारवून गेलेली. ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काकानं सगळं रॉकेलनं धुतलंन. आतली रबराची सीलं हातात घेतली तर चुरा झाला. तशी रत्नागिरीत मिळणार नव्हती. पण काकाकडं चामड्याच्या वायसरांचा अख्खा डबा होता, ज्यांना जगात कोणी विचारत नव्हतं. त्यातले निवडून, कातरून, रात्रभर भिजवून बसवलेन. राहिलं तेल. एसटीतल्या ओळखीच्या माणसाकडनं इंजिनाचं आणलंन, ते इतकं जाड की शॉकअप दुपारी जेवून झोपल्यासारखा वागायला लागला. खोबरेल घातलंन, ते पातळ, सगळं खाली गळलं. मग चार दिवस काकानं शॉकअपला हात लावलान नाही, आणि त्याच चार दिवसांत काकीचे मुठेलाचे गोळे कमी व्हायला लागले. काकीला वाटलं उंदीर. तिनं पिंजरा लावलान. उंदीर काही सापडला नाही, पण पाचव्या दिवशी ती मागच्या पडवीत गेली तर माळ्यावरचा स्टो खाली आलेला, पेटलेला, त्याच्यावर पातेली, पातेलीत अर्धं मुठेल अर्धं खोबरेल, आणि काका ढवळतोय.

काकी म्हणाली, अवो, थंडीत गोठतं ते. काका म्हणाला, तुझ्या टाचा वेगळ्या, माझं मशीन वेगळं.

तेव्हा चैत्र होता. उन्हानं कातळ तापलेला. राजाभाऊ बसून सड्यापर्यंत गेले आणि परत आले. खळ्यात उतरून त्यांनी मूठ दाबून दाखवली. "उठतेय रे, धाकू," म्हणाले. काकानं नुसती मान हलवलीन, जसा काय रोज अमेरिकेच्या चार सायकली उघडतो.

ती वर्षं अशी, की कॉलेजच्या पोरांत शॉकअपच्या सायकलींची फॅशन आलेली. ह्या इकडच्याच, स्वस्तातल्या. त्यांच्या नळीत तेल नसतंच, नुसती स्प्रिंग आणि बोटभर ग्रीस, एका पावसाळ्यात गंजून किरकिरायला लागतात. राजाभाऊंची सायकल उठली हे कळल्यावर एकेक जण यायला लागला. काका सगळ्यांना एकच औषध द्यायचा. उघडायचं, रॉकेलनं धुवायचं, घासायचं, वायसर, मुठेल, बंद. नळी ओढायच्या वेळी दुसऱ्या बाजूनं धरायला माणूस लागतो, तो माणूस म्हणजे काकी. एक हात नळीला, एक डोळा आमसुलांवर. मोबदला म्हणून कोण नारळ द्यायचा, कोण बांगडे. आणि गंमत म्हणजे काकाला सायकल चालवता येत नव्हती. कधी बसलाच नाही. शॉकअप बरा झाला का ते तो पोटानं बघायचा, मुठीवर पोट टेकून अंग सोडायचा.

एवढं सगळं झालं, तरी लोक काय म्हणायचे? "स्टोवाल्याकडं टाकलीय सायकल."

दोन हजार दोनच्या डिसेंबरात गंधार आला. पहिल्याच दिवशी पहाटे उजाडता उजाडता सायकल घेऊन सड्यावर गेला आणि मनगटं चोळत परत आला. शॉकअप नव्हता, पहार होती. अकरा वाजता काकाकडं आणलीन. काकानं दाबून दाखवलीन, लोण्यासारखी. गंधारला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या पहाटे परत पहार, अकराला परत लोणी. तिसऱ्या दिवशी तेच. काका त्याला समजावून सांगायला लागला, की अमेरिकेत राहून तुझी मनगटं नाजूक झालीत.

काकीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्या वाटीतलं मुठेल पहाटे दगड व्हायचं नि उन्हं वर आली की सुटायचं. पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी गंधार अकराची वाट न बघता सकाळी साडेसहालाच खळ्यात उभा. त्या वेळी आणखी दोन गिऱ्हाइकं सायकली घेऊन आलेली. गंधारनं सगळ्यांसमोर मूठ दाबलीन. केसभर हलली नाही. काका पुढं झाला, दोन्ही हातांनी दाबलीन. नाही. मग पोट टेकून अंग सोडलंन, तर काकाचे पाय जमिनीवरनं उचलले गेले, शॉकअप जागचा हलला नाही. दोन गिऱ्हाइकांपैकी एक जण हसला आणि आपली सायकल जरा मागं घेतलीन.

गंधार चांगल्या घरचा, आवाज चढवलान नाही. नुसतं विचारलंन, "धाकूकाका, यात ग्रीस कुठलं घातलंय?"

काकानं काकीकडं बघितलंन. काकी पडवीत सुपात मुठेलाचे गोळे मांडत बसलेली, अगदी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बत्तीस वर्षांच्या संसारात काकानं तिच्याकडं मदत मागितली नव्हती, त्यामुळं कसं बघायचं तेही त्याला नीट जमलं नाही. चेहरा असा केलान, जसं पोट दुखतंय. काकीला कळलं, आता हा पोरगा टाचेचं मलम म्हणाला की संपलं. पुन्हा कोणी येणार नाही, आणि हा माणूस परत सुपांच्या मधे येऊन बसणार, ह्या खेपेला कायमचा.

काकीकडं एक वाक्य चैत्रापासून तयार होतं, मी सांगत होते ना, असं. ते जिभेवर आलेलं तिनं गिळलंन.

"खोबरेलाची बाटली थंडीत काय करता तुमी?" गंधारला म्हणाली. "उन्हात ठेवता ना? मग सायकल का नाय ठेवलीत? देशी माल हाय हा. आधी ऊन दाखवायचं, मग बसायचं. ह्यांनी तुमच्या बाबांना बजावून सांगितलेलं हाय. ते विसरले असतील."

गंधारनं नळीवरनं बोट फिरवून हुंगलंन. त्याची आई दर डिसेंबरात त्याच्या टाचांना हेच चोळायची, ते त्याच्या तोंडावर आलंच. पण ते त्यानं सोडून दिलंन. सायकल उन्हात नेऊन लावलीन आणि पायरीवर बसून काकीच्या हातचा चहा प्यायला. साडेआठला मूठ दाबलीन तर लोणी. घरी जाऊन त्यानं बापाला विचारलंन, तुम्हांला सांगितलं होतं काय? राजाभाऊंनी क्षणभर सुद्धा न थांबता हो म्हणून टाकलं. दर रविवारच्या फोनमुळं सवय झालेली.

त्या वर्षापासून नाचण्यात थंडीच्या दिवसांत सकाळी सकाळी खळ्याखळ्यात सायकली उन्हाकडं तोंड करून उभ्या दिसायच्या, पापड वाळत घालावेत तशा. नवीन माणूस विचारायचा, हे काय? तर लोक सांगायचे, देशी माल आहे, ऊन दाखवावं लागतं. आणि काकानं मुठेल चोरायचं सोडलंन. मागून घ्यायला लागला. काकी म्हणते, त्यांच्या संसारात याहून मोठा बदल झालेला तिला आठवत नाही.

पुढच्या गणपतीच्या आधी अमेरिकेवरनं गंधारचं पार्सल आलं. आत शॉकअपच्या खऱ्या तेलाची बाटली आणि रबराची सीलं, आणि वर पत्ता लिहिलेला, धाकू मिस्त्री, नाचणे, रत्नागिरी. ते पार्सल गावातच आठ दिवस फिरत होतं. नाचण्यात धाकू मिस्त्री कोणाला ठाऊक? एका गवंड्याकडं गेलं, तिथनं एका सुताराकडं गेलं, सुताराच्या आईला वाटलं सांध्यांचं औषध असेल, तिनं पाटावर ठेवून पूजा करायची तेवढी बाकी ठेवलीन. शेवटी राजाभाऊंनी पोराचं अक्षर ओळखलं.

काकानं पत्त्याचा कागद कात्रीनं नीट कापलान आणि कॅलेंडरच्या शेजारी भिंतीला चिकटवलान. बाटली ठेवलीन देव्हाऱ्याच्या फळीवर. दसऱ्याला पाना-हातोडीबरोबर तिलाही फूल वाहायचा, पण उघडलीन कधी नाही. काकी विचारायची, एवढं लांबनं आलेलं तेल, घालत का नाय?

"ते घातलं तर माणूस दोन वर्षं फिरकायचा नाय," काका म्हणायचा. "मुठेलाचा दर दिवाळीला येतो. बसतो, चहा घेतो, मिस्त्री म्हणतो."

"कोण म्हणतो मिस्त्री?"

"म्हणेल."

कोणी म्हटलं नाही. पाच वर्षं माणसं येत राहिली. शॉकअपवाले काका म्हणायला लागली, तिथंही वाला सुटला नाही. आणि मग दोन हजार आठच्या जानेवारीत काकानं बशी पालथी ठेवलीन.

धोंडू खडू घेऊन उभाच होता. काकीला ते पार्सलाचे आठ दिवस चांगले आठवत होते. मिस्त्री लिहिलेली बाटली आठ दिवस थांबली. माणूस नाही थांबत.

"मिस्त्री लिही," काकी म्हणाली.

"वैनी, कळायचं नाय कोणाला."

"लिही."

धोंडूनं लिहिलंन. धाकू मिस्त्री, नाचणे, अकरा वाजता. लोकांनी वाचलं. म्हणाले, असेल कोणीतरी बांधकामावरचा, आणि मासळीला गेले. इकडं खळ्यात वाडीतली दहा-बारा माणसं, बस.

आत काकाला आंघोळ घालत होते. काकीनं पाय बघितले. टाचांना अशा भेगा, की कातळावर सुद्धा नसतील. अख्ख्या गावाच्या टाचा मऊ झाल्या, गावभरच्या सायकली मऊ झाल्या, आणि ज्याच्या घरात सुपं भरून मुठेल, त्याच्या टाचा अशा. कारण मागून घ्यायचा ते सगळं सायकलींना घालायचा. काकी उठली, सुपातनं एक गोळा आणलान, तळहातावर चोळून मऊ केलान आणि भेगांत भरायला लागली. बायका म्हणाल्या, सगुणे, आता काय उपयोग. काकी म्हणाली, थंडी हाय.

राजाभाऊ चालत आले. चालतच येणार, टांगलेल्या तिघींत एक त्यांची होती. आले, हात जोडले, खळ्यात बघितलं. घड्याळ बघितलं, साडेदहा. आणि आल्या पावली परत गेले.

पाऊण तासानं माणसं यायला लागली. तिरडी थांबवावी लागली. ज्यांचे स्टो केव्हाचे भंगारात गेलेत अशा म्हाताऱ्या आल्या, एकीनं हातात काकानं दुरुस्त केलेली पितळी टाकी आणलेली, का ते तिलाच ठाऊक. कॉलेजातली, नोकरीला लागलेली पोरं सायकलींवरनं आली. उतरली आणि कोणी न सांगता सगळ्यांनी सायकली वईच्या कुंपणाकडेनं उन्हाकडं तोंड करून लावल्या. सवयच ती. खळ्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. टांगलेल्या बाकीच्या दोन सायकलींचे मालकही त्यात होते, वर बघत होते, पण विचारायचं धाडस होईना. काकीनंच सांगितलंन, तेराव्यानंतर या, जोडून ठेवते. नळ्या धरायला मीच असायचे.

गर्दीतनं वाट काढत राजाभाऊ तिच्यापाशी आले. बोटांना खडू लागलेला.

"सगुणाबाई, एक चूक केलीय," म्हणाले. "नाक्यावर जाऊन त्या फळ्यावर नावापुढं मी स्टोवाले लिहिलं. विचारायला हवं होतं तुम्हाला."

काकीनं गर्दीकडं बघितलंन, उन्हातल्या सायकलींकडं बघितलंन.

"मिस्त्री पुसलंत काय?"

"छे. ते तसंच आहे. मी कंसात लिहिलं."

"मग असूंदे," काकी म्हणाली.